सिंगल हँड, डॉक्टरची

हा माणूस तुमच्या गावातही आहे. तिकडे तो जुन्या मोटारसायकली विकत असेल, नाहीतर वापरलेले मोबाइल, नाहीतर सोफासेट. आमच्याकडे लोहाऱ्यात तो पूल-स्नूकरच्या वापरलेल्या स्टिका विकतो. वस्तू वेगळी, माणूस तोच. त्याच्या तोंडून 'जुनी' हा शब्द निघणार नाही. स्टिक 'मुरलेली' असते, 'सेट झालेली' असते. तिला चीर गेली असेल तर तिनं 'मोठ्या मॅचेस पाहिलेल्या' असतात. आणि ती आधी कोणाची होती हे विचारायचं कारणच नसतं. ती डॉक्टरची असते.

"सिंगल हँड हाय भाऊ. डॉक्टरसायबाची. संडे टू संडे खेळत होते. बाकीचे सहा दिवस कव्हरमधी."

यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून तिथून बाहेर पडलेला प्रत्येक डॉक्टर, अर्ध्यावर सोडून गेलेलेही धरा, पूल खेळत होता आणि प्रत्येकानं आपली स्टिक या गृहस्थाला विकली असं मानलं, तरी याच्या हिशेबातले डॉक्टर शिल्लक उरतात. शहरात पेशंटांना ताटकळत का बसावं लागतं याचा उलगडा मला लोहाऱ्यात झाला.

त्याचं नाव सांगत नाही. पोरं त्याला स्टिकवाला म्हणतात. मी भाऊ म्हणतो, कारण तो मला भाऊ म्हणतो आणि आमच्या भागात एवढ्यावर नातं पक्कं होतं.

यवतमाळहून दारव्हा रोडनं निघालं की शहर संपलं असं वाटायच्या आत लोहारा लागतं. एमआयडीसी इथेच. डेनिमच्या कारखान्याची शिफ्ट सुटली, इंजिनिअरिंगची पोरं लेक्चर चुकवून आली, की रस्त्याकडेच्या एका गाळ्यात दोन टेबलांभोवती दाटी होते. हारेल त्यानं टेबलाचे पैसे द्यायचे, हा तिथला एकमेव कायदा. दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भाऊ. पायाशी क्रिकेटची किटबॅग, तिच्यात बॅटींऐवजी स्टिका. गाळा त्याचा नाही, टेबल त्याचं नाही. मालकाला वेळोवेळी चहा पाजून त्यानं दाराजवळची तेवढी जागा पदरात पाडून घेतली आहे, आणि तिथे बसून तो आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हाताकडे पाहतो. हात पाहिला की त्याला डॉक्टर सुचतो.

सुरुवातीला डॉक्टर नुसताच डॉक्टर होता. गिऱ्हाईकं सरावली तसे स्पेशालिस्ट आले. स्टिक सरळ असली की हाडांच्या डॉक्टरची, "त्याले वाकडं खपतच नाही." टिप नवीन असली की दातांच्या डॉक्टरची. खेळताना आवाज न करणारी असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरची. आठवीतलं एक पोरगं आलं तेव्हा किटबॅगेच्या तळातून लांबीला कमी असलेली एक स्टिक निघाली, आणि ती बालरोगतज्ज्ञाची निघाली हे वेगळं सांगायला नको. एकदा मात्र एका स्टिकबद्दल तो नजर चुकवून म्हणाला, "डॉक्टरचीच हाय. जनावराच्या." तेव्हाच मी ओळखलं की मालात काहीतरी मोठी गडबड आहे. एका पोरानं फारच घासाघीस केली तेव्हा स्वस्तातली एक स्टिक कंपाउंडरच्या नावावर खपवली गेली. पीएचडीवाल्या डॉक्टरांच्या दोन-तीन होत्या, पण त्यांना उठाव नव्हता.

माझ्या भाच्याला स्वतःची स्टिक हवी झाली, तेव्हा मी मामा या नात्यानं मध्यस्थीला गेलो. भाचा मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयार होऊन आला होता. स्टिक सरळ आहे की नाही हे तपासायची पद्धत सगळीकडे एकच: टेबलावर आडवी ठेवायची आणि लोळवायची. सरळ असेल तर मुकाट्यानं घरंगळते. वाक असेल तर मधेच उचलली जाते, टेकते, पुन्हा उचलली जाते. भाच्यानं लोळवली. स्टिक उघड उघड लंगडली.

भाऊ जागचा हलला नाही. "टेबल उतारावर हाय," तो म्हणाला.

भाचा दुसऱ्या टेबलाकडे गेला. तिथेही तेच.

"थे बी उतारावर हाय. अबे, पूर्ण लोहाराच उतारावर हाय."

मग भाच्यानं ती फरशीवर लोळवली. भाऊनं फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचा उद्धार केला. माझ्याकडे वळून, आता लहान पोरांशी काय बोलायचं अशा आवाजात तो म्हणाला, "वाकडी नाही थे, भाऊ. तिले ओढ हाय."

"कसली ओढ?"

"डावीकडची. हाडाचे डॉक्टर डावखुरे होते. दहा वर्षं त्याहिच्या हातात राह्यली, मंग ओढ लागनारच ना. उजव्या हातानं खेळनाऱ्याले थोडी सांभाळा लागते, थे सांगून देतो. पन एकदा समजली का बॉल असा फिरते का पाहनारा म्हनते, पोराले कोनं शिकवलं."

पाच हजारांपासून सुरुवात झाली. भाव तो तोंडानं बोलत नाही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाकतो, स्क्रीनवर तळहात आडवा धरतो आणि फक्त गिऱ्हाइकाला दिसेल असा पुढे करतो. गिऱ्हाइकानं आकडा खोडून आपला टाकायचा. शेजारी उभ्या असलेल्या पोरांना काही कळत नाही. त्यांना फक्त दोघांच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतात. मोबाइल बराच वेळ इकडून तिकडे फिरला आणि चौदाशेला थांबला. पैसे मोजून घेताना भाऊनं निःश्वास सोडला. "डॉक्टरसायबाले काय तोंड दाखवू आता?"

स्नूकरचा इतिहास त्याला माहीत आहे आणि दुर्दैवानं बराचसा बरोबर माहीत आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ काढला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लावले गेले, ही गोष्ट पुस्तकांत सापडते. भाऊनं ती कुठून मिळवली कोण जाणे. ती मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या छावणीच्या मेसमधली एक स्टिक किटबॅगेत हजर होती.

"मिलिटरीच्या डॉक्टरची," तो म्हणाला. "जबलपूर म्हंजे काय परकं नाही. आपलंच, सीपी अँड बेरार."

मी म्हटलं, बाबा रे, त्याला दीडशे वर्षं झाली.

"म्हनूनच तं म्हनतो, मुरलेली हाय."

शिवाय १८७५ साली वऱ्हाड मध्यप्रांतात नव्हतंच, ते जोडलं गेलं १९०३ साली. त्याआधी कारभार इंग्रजांचा आणि मालकी कागदोपत्री निझामाची, हेही मी त्याला ऐकवलं. इतिहासाच्या बाबतीत मी सोडत नाही.

तो क्षणभर विचारात पडला. "निझामाले बी डॉक्टर असनच ना, भाऊ."

स्टिक मधून उघडणारी होती. मी जोड फिरवून पाहिला तर पितळी चकतीच्या आत 'मेड इन चायना' कोरलेलं. बोट ठेवून दाखवलं. "रिपेरिंगले गेलथी," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हा माणूस चिडवतो तो इथेच. या खेळात आपल्या माणसांनी खरोखर जे केलं ते सांगायला निघालात तर ऐकणाऱ्याला थाप वाटेल. विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पुन्हा करून दाखवलं. गाळ्यातल्या पोरांना हे नाव सांगा. कुठल्या हॉलिवूडच्या पिक्चरमधला, असं विचारतील. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, पण निदान तो त्यांना ठाऊक आहे. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते. त्यांना १९८१ साली पद्मश्री देऊ केली तेव्हा त्यांनी ती नाकारली. गावसकरला पद्मभूषण, मग मला का नाही, हा त्यांचा सवाल. १९८३ साली पद्मभूषण मिळालं. मी हे मोठ्या अभिमानानं भाऊला सांगितलं, पोरांसमोर सांगावं या उद्देशानं. त्यानं त्यातून घ्यायचं ते घेतलं. पुढच्याच सौद्यात एका पोरानं हजार म्हटल्यावर भाऊ बोलला, "पह्यला भाव कधी घ्यायचा नसते. फरेरासायबानं सरकारचा घेतला नाही, मी तुहा घेऊ?"

पिक्चरवरून आठवलं. १९८६ साली मार्टिन स्कॉर्सेसीनं 'द कलर ऑफ मनी' काढला. त्यात बालाबुश्का नावाच्या एका जुन्या स्टिकचा असा काही थाट आहे की अमेरिकेत ते नाव दंतकथा होऊन बसलं. पडद्यावर हातात धरलेली स्टिक मात्र दुसऱ्याच कंपनीची होती, बालाबुश्कासारखी दिसणारी. म्हणजे हॉलिवूडही या बाबतीत लोहाऱ्याच्या पुढे नाही, असं मला भाऊला सुचवायचं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग खरी कोनाची होती? डॉक्टरची?"

एरवी तोंड चालू असताना तो काय काम करतो याकडे लक्ष जात नाही. एका दुपारी गाळ्यात कोणी नव्हतं आणि तो टिप बदलत होता. स्टिकच्या टोकाला चामड्याची गोल टिकली असते ती टिप. स्नूकरच्या स्टिकला साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटरची, पूलच्या स्टिकला बारा-तेराची. सगळा खेळ या टिकलीवर. त्यानं ब्लेडनं जुनी टिप पितळी कडीच्या सपाटीत उडवली. उरलेला गोंद खरवडला, फुंकर मारली, कडी डोळ्याजवळ नेऊन पाहिली, पुन्हा खरवडला. नव्या टिपचा तळ पॉलिशपेपरवर घासून खरबरीत केला. इन्स्टंट गोंदाचा एकच थेंब. मग टिप दाबून धरून सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी टोकाभोवती आवळून बांधली. अर्ध्या तासानं पट्टी सोडली, स्टिक उलटी करून टिप फरशीवर टेकवली आणि कडीबाहेर आलेलं चामडं ब्लेडनं गोल कापून काढलं. वरचा घुमट पॉलिशपेपरनं. शेवटी बाजूंना थुंकी लावून जुन्या पोस्टकार्डानं इतकं चोळलं की चामड्याला चकाकी आली. एवढ्या सगळ्याचे तो शंभर रुपये घेतो आणि टिप सुटली तर परत बसवून देतो, न बोलता.

लाकडाला तो जवसाचं तेल लावतो. अ‍ॅशच्या लाकडाला जवसाचं तेल ही विलायतेतही मानलेली गोष्ट. फरक एवढाच की तिकडचे लोक ते डबीत विकत घेतात आणि भाऊ घाणीवरून आणतो. कापडाच्या बोळ्यानं तेल चोळताना लाकडातल्या रेषा उठून येतात, टोकाटोकांच्या, बाणासारख्या. हे बाण तो गिऱ्हाइकाला मोजून दाखवतो. वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर असले तर स्टिक 'लक्ष्मी' आहे. एक बाण उलटा दिसला तर ती 'घरात टिकत नाही', दोन हजारांत देऊन टाकायची.

हे बाणांचं शास्त्र त्यानं कुठून काढलं असावं, हे मला त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो, जन्मभर बैलांचे दलाल. जिल्ह्यातले बाजार पायांनी पालथे घातलेले. अंगणात खाटेवर बसून ते मुलाच्या किटबॅगेकडे पाहतात आणि म्हणतात, "तुताऱ्या इकते माहा पोरगा. बैल नाहीत, नुसत्या तुताऱ्या." बैलाला टोचायची ती तुतारी. पण मुलानं कोणती गोष्ट कुठून उचलली हे त्यांना बरोबर माहीत असावं, कारण मी बाणांचा विषय काढला तशी त्यांची कळी खुलली. बैलाच्या कपाळावरचा, खांद्यावरचा, पाठीवरचा भोवरा कुठे असावा, कुठे नसावा, कोणता धन्याला लाभतो आणि कोणता कोणाचं घर बसवतो, हे ते अर्धा तास सांगत होते. मग दात. दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठ दात आले की बैल जुळला, त्यापुढे वय सांगायला दात उरत नाहीत, दलाल उरतो. शिंगं काचेनं साळून त्यांना तेल लावायचं. कोणतं तेल, हे विचारल्यावर म्हणाले, घरात असेल ते. आमच्यात जवसाचं असायचं.

आणि भाव दुपट्ट्याखाली. दोघांचे हात झाकायचे आणि बोटं धरून आकडा सांगायचा. चार माणसं भोवती उभी असतील, कोणाला काही कळायचं नाही, फक्त चेहरे दिसायचे. मला मोबाइलवरचा तो आडवा तळहात आठवला.

"तुमचे बैल कोणाचे असायचे?" मी विचारलं.

"पाटलाचे," काकाजी म्हणाले. "समदे पाटलाचे. एकाच धन्याच्या हातचे."

म्हणजे डॉक्टर ही भाऊची स्वतःची भर. पाटील उरले नाहीत, त्यांच्या जागी जो कोणी मोठा दिसला त्याला त्यानं बसवलं. बाकी तोंड वडिलांचं. घरात वावर नव्हतं, विकायला बैल राहिले नव्हते. वारसाहक्कानं आलं ते तेवढंच. ट्रॅक्टरनं अर्धा बाजार आधीच नेला होता. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढला आणि म्हातारा बैल घ्यायचा कोणी हा प्रश्न उभा राहिला. जुना जात नाही तर नवा घ्यायला शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही. काकाजी तेव्हापासून खाटेवर. पोळ्याला तोरणाखाली झडती म्हणायला अजून त्यांनाच बोलावतात. तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या बैलजोड्या दरवर्षी कमी होत चालल्या आहेत. काकाजींच्या झडत्या मात्र लांबतच चालल्या आहेत, असं त्यांची सून म्हणते.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी काही विचारलं नव्हतं. "गुन वाढवून सांगाचा. त्याले पैसे लागत नाही, अन् घेनाऱ्याले बी मालूम राह्यते का हा वाढवून राह्यला. पन खोड लपवाची नाही. मारका असन तं मारका म्हनाचं. बसका असन तं बसका म्हनाचं. थो बैल त्याच्या घरी जाते, लेकराबाळात."

परत येताना मी मनातल्या मनात भाऊचे जुने सौदे तपासत होतो, आणि मला आवडलं नाही तरी कबूल करावं लागतं की त्यानं एकही खोड लपवलेली नव्हती. भाच्याच्या स्टिकला डावीकडे ओढ आहे आणि उजव्या हाताला सांभाळावी लागेल, हे त्यानं पैसे घेण्याआधी सांगितलं होतं. चिरलेल्या स्टिकबद्दल "डॉक्टर सायेब हारले का टेबलावर आपटत" असं सांगून चीर कुठे आहे ते बोटानं दाखवलं होतं. खालच्या बाजूचं काळ्या लाकडाचं नक्षीकाम छापील असेल तर तो म्हणतो, "डिझाइन छापलेलं हाय, पन छपाई पाहा!" जनावरांच्या डॉक्टरची ती तर त्यानं विकलीच नाही. ती गाळ्याचं शटर खाली ओढायला वापरतात.

आता दारव्हा रोडला दोन्ही बाजूंना लेआउटच्या पाट्या वाचत जा. भाषा भाऊचीच. 'निसर्गाच्या सान्निध्यात', म्हणजे मागून नाला जातो. 'भविष्यातील हायवे टच'. 'रेल्वे स्टेशन ५ मिनिटांवर'. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग मंजूर झाला २००८-०९च्या सुमारास. २०२४च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब एवढ्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. पाटीवरची गाडी मात्र त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून पाच मिनिटांवर येऊन थांबलेली होती. त्या पाट्यांवर गुण इतके वाढवलेले असतात की काकाजींनी हात जोडावेत. खोड कुठल्या कोपऱ्यात लिहिलेली आहे ते मात्र भिंग घेऊनही सापडत नाही, आणि तिथे माणूस लेकराबाळांसकट राहायला जाणार असतो, पंचवीस वर्षांचं कर्ज काढून.

भाऊला अशाच एका लेआउटवाल्यानं कामावर बोलावलं होतं. कमिशन चांगलं, वर मोटारसायकलचं पेट्रोल. त्याचं तोंड पाहूनच बोलावलं असणार. महिनाभरात तो परत खुर्चीवर. मी विचारलं, काय झालं? जमलं नाही?

"जमत होतं. पन सांगू देत नाही ना भाऊ."

"काय?"

"पावसाळ्यात पानी भरते म्हनून. मी गिऱ्हाइकाले म्हनलं, प्लॉट असा हाय का श्रावनात दारापुढं गंगा येते. शेठ म्हने गंगा कॅन्सल." त्यानं खडूची निळी वडी उचलून एका टिपवर घासली. "माहावालं एक मात्र घेतलं त्यानं. लेआउटचं नाव ठेवलं, डॉक्टर कॉलनी."

एवढ्यावर मी हे व्यक्तिचित्र संपवणार होतो. पण मागच्या उन्हाळ्यात एक खरोखरचे डॉक्टर गाळ्यात आले.

निवृत्त गृहस्थ. दवाखाना मुलाच्या हवाली केलेला. बगलेत लाकडी पेटी. आतून एकसंध, बिनजोडाची, अ‍ॅशची विलायती स्टिक निघाली. वर्षानुवर्षं रविवारी ऑफिसर्स क्लबात खेळलेली, दुसऱ्या कोणाचा हात न लागलेली, खांदा दुखू लागल्यापासून पेटीत पडून. भाऊनं ती टेबलावर लोळवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती आवाज न करता गेली. टेबल त्या दिवशी उतारावर नव्हतं. त्यानं बाण मोजले नाहीत. "सायेब, माझ्याकडं ठेवून जा," एवढंच बोलला, आणि तेही शुद्ध भाषेत.

मग त्यानं ती विकायला काढली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला सांगायला काही सुचेना, कारण वाढवायला जागाच नव्हती. "डॉक्टरची हाय," तो म्हणाला. पोरं म्हणाली, हो हो. "संडे टू संडे." हो हो. "खरंच रे! अबे, आईची आन!" पोरं पोट धरून हसली. एकानं विचारलं, कोणते, गुडघ्याचे की मूळव्याधीचे? दोन महिने ती पेटी किटबॅगेशेजारी पडून राहिली. चार हजारांवरून तीन, तीनावरून अडीच. ज्या गाळ्यात लंगड्या स्टिका डॉक्टरांच्या नावावर खपल्या, तिथे डॉक्टरची सरळ स्टिक कोणी हातात घेईना. मला वाटलं, बरी खोड मोडली. आठवडाभरानं पाहिलं तर भाऊ जेवतही नीट नव्हता, आणि तेव्हा मात्र वाईट वाटलं.

शेवटी कारखान्यातला एक शांत पोरगा आला. त्यानं स्टिक उचलून पाहिली, बोटावर तोलली, विचारलं, "कोनाची हाय?"

"झेडपीच्या मास्तरची," भाऊ म्हणाला.

पोरानं मान डोलावली. मोबाइल पुढे-मागे झाला. अठराशेला गेली.

डॉक्टर पैसे घ्यायला आले तेव्हा मी तिथेच होतो. भाऊनं खिशातून आधी अठराशे काढले, मग पाठ करून पाकिटातून आणखी काहीतरी काढलं, आणि अडीच हजार त्यांच्या हातात ठेवले. "अडीचले गेली, सायेब. मोठ्या घरी गेली."

डॉक्टरांनी नोटा मोजल्या. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"बस? मी तर ऐकलं होतं, लोहाऱ्यात डॉक्टरच्या स्टिकला पाच हजार भाव आहे."